पाठराखीण

माणसाला निवांत दाढीसुद्धा करू देत नाही ही पोरगी. आमच्या युसूफ वडगावच्या बाजारात मी सलूनच्या खुर्चीत बसलो, गालाला साबण लागला, तोच दारातून आवाज आला, "काका, ब्लेड नवी हाय का?" बघतो तर माझीच करिष्मा. नववीतली पोर, पाठीला दप्तर, कमरेवर हात. बाकड्यावरची माणसं हसायला लागली. मी डोळे वटारले तर म्हणते, "तुमी हलू नका पप्पा, लागंल."

हे सगळं त्या मोबाईलमधल्या गेममुळं, असं माझं ठाम मत. त्यात जग बुडालेलं असतं म्हणे. कसल्याशा रोगानं माणसं पिसाळलेली, शहरं ओस पडलेली. त्या उजाड मुलखातून एक लंगडा दाढीवाला चाललेला असतो आणि त्याच्या मागं इरा नावाची पोरगी, करिष्माच्याच वयाची. तो झोपला की ही पहारा देते, कुणी अंगावर आलं की मधे पडते, अर्धा बिस्किटाचा पुडा सापडला तरी आधी त्याला देते. आमच्या बाईसाहेबांनी नेमकं तेवढंच उचललं. मी विहिरीवर गेलो की ही मागं, चहाला गेलो की हॉटेलच्या दारात. भाकरी कमी खाल्ली की जाब विचारते. दाढी मलाही वाढते हे खरं, पण लंगडा काही मी नाही.

खरी अडचण कोयत्याची होती. ऊसतोडीला कोयता म्हणजे दोन माणसं, बहुतेक नवरा-बायको. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला बघून मुकादम नाक मुरडतो. करिष्माची आई तापानं गेली तेव्हापासून मी अर्धाच. मागच्या हंगामात नाइलाजानं पोरीला जोडीला नेलं आणि तिची अर्धी आठवी उसाच्या पाचटात गेली. यंदा धुळाजी मुकादम पुन्हा दारात येऊन म्हणाला, "पोरगी हाय की हाताखाली. कावून इचार करतूस?"

मी सांगून टाकलं, पोरगी येणार नाही. केजला मुलींच्या वसतिगृहात तिला जागा मिळाली होती, तिथं राहून ती शिकणार होती. तिच्या आईनं जन्मभर डोक्यावर मोळ्या वाहिल्या, एका घराला तेवढं पुरे. माझ्या जोडीचं काय ते मी बघून घेईन, असं मी धुळाजीला म्हणालो. धुळाजी कपाळाला आठ्या घालून गेला.

करिष्माला मी स्वतः केजला सोडून आलो. ट्रंक, गादी, नवी चप्पल, सगळं दिलं. वसतिगृहाच्या बाईंना हात जोडले. घरी येऊन चूल पेटवतोय तर मागून आवाज, "लाकडं वली हायती, धूर व्हईल." ही उभी! माझ्या मागच्याच जीपनं आली होती. ट्रंक तिकडं, पोरगी इकडं.

"कावून आलीस?" मी ओरडलो.

"इरा बी न्हाई थांबत," ती म्हणाली आणि फुंकणी घेऊन चुलीपुढं बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली, संध्याकाळी पुन्हा दारात. वसतिगृहाच्या बाईंनी फोन करून मलाच झापलं. मुलगी अशी न सांगता गेली तर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. मी मोबाईल हिसकावून घेतला आणि म्हणालो, आण तुझी ती इरा, बघतोच तिला.

पारावर बसून मी तो गेम खेळायला लागलो. कोयता धरून धरून बोटांची कातडी इतकी जाड झालेली की त्या मोबाईलला माझं बोटच कळेना. कसाबसा दाढीवाल्याला चालवला. एक पडकं घर दिसलं, इराला आत घातलं, दार लावलं आणि निघालो. चार पावलं जातो न जातो तर ही खिडकीतून बाहेर. पुन्हा आत घातली, पुन्हा बाहेर. एकदा तर दाढीवाला नदी ओलांडून गेला, तरी ही ओली होऊन मागं हजर. "आगं थांब की तिथं, भवाने!" मी मोबाईलवर खेकसलो. पारावरची म्हातारी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

करिष्मा माझ्या खांद्यामागंच उभी होती, दुसरीकडं कुठं असणार? म्हणाली, "ती थांबती पप्पा. फुडं एक बाई भेटती, ती त्याच्यासंगं जाती, मग इरा थांबती. एकट्याला न्हाई सोडत."

"आन् मला काय झालंय एकट्याला?"

ती शेजारी बसली. आवाज एकदम बारीक झाला तिचा. "मागल्या साली मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढलते तुमी. वरून खाली आलात. डोळे पांढरे केलते."

"पाय घसरलता."

"पाय न्हाई घसरला. चक्कर आलती. मी व्हते म्हनून पानी मारलं. आता कोन हाय?"

राग तर असा आला की मोबाईल विहिरीत टाकावा, आणि त्याच वेळी पोरीला पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. उठलो आणि उमापूरची वाट धरली.

उमापूरला माझी थोरली बहीण, तुळजाबाई. तिचा मालक वारला तेव्हापासून तीही अर्धा कोयता. एका आईची दोन लेकरं, दर साली वेगवेगळ्या मुकादमाच्या ट्रकात बसून जातो, कारण आमचं बोलणं बंद. करिष्माच्या आईच्या तेराव्यालाच ती मला म्हणाली होती, दुसरी कर, तुझा कोयता पुरा होईल. मी तिला त्याच पावली घराबाहेर जा म्हणालो होतो. आता तिच्याच अंगणात जाऊन उभा राहिलो.

"अक्का, यंदा माझ्या जोडीला येतीस का?" एवढंच बोललो.

ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "लई लौकर आलास. करिष्माचा फोन येऊन गेला कवाच. मी आमच्या मुकादमाला न्हाई म्हनून बी सांगितलं. म्हनलं, ह्याच्या तोंडून ऐकल्याबिगर हलायचं न्हाई."

म्हणजे दोघींनी मिळून मला खेळवलं होतं! मी रागानं निघालो, तर तिनं हाताला धरून जेवायला बसवलं.

निघायच्या दिवशी सकाळी वेशीत ट्रक लागला. बोचकी, भांडी, कोंबड्या, सगळं चढलं. करिष्मा वसतिगृहाचा गणवेश घालून आली होती, केजची जीप तिथंच उभी होती. मला एक शब्द बोलली नाही. आत्याला मात्र धडाच देत होती, "ह्येनला फळीवर चढू दिऊ नगंस. उपाशीपोटी फडात जातेत, बघत जा. चकरेची गोळी दिली की तोंडात घातली का ते बी बघ." अक्का मान डोलवत होती. मी म्हणालो, मी काय तान्हं लेकरू आहे का? दोघींनीही ऐकलं नाही.

ट्रक हलला. सवयीनं मी मागं वळलो. आता ही धावणार, फळक्याला लटकणार, मग मी ओरडणार, असं सगळं माझ्या मनात तयार होतं. ती जागची हलली नाही. दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती, डोळे ट्रकवर, आणि एक पाऊल पुढं टाकलं नाही तिनं. थांब, थांब म्हणून सांगून माझा जीव मेटाकुटीला आला होता. आज ती थांबली आणि मला ते सोसेना. मी उभाच राहिलो, वळणावर ती दिसेनाशी झाली तरी.

तेवढ्यात मागून कुणीतरी सदरा धरून मला खाली ओढलं.

"बस खाली, पडशील," अक्का म्हणाली. "पोरीनं सांगितलंय."