आरमाराची भाकरी

"वहिनी, रडायचं ते आत्ता रडून घे," आरमारातून लंगडत परतलेला पामून म्हणाला. "पिसराईलकाका यायच्या आत."

तसियाने भट्टीतून हात बाहेर काढला. पुढ्यात भाकऱ्यांची चळत होती. आरमारासाठी दोनदा भाजून खडखडीत केलेल्या. नाईलकाठच्या त्या ख्रिस्ती गावात प्रत्येक घरावर अशा भाकऱ्यांचा वाटा लादलेला होता, आणि माणसं न्यायची ती वेगळीच. तिच्या नवऱ्याला, कोलूथला, गेल्या वर्षी खलिफाच्या गलबतावर वल्ही मारायला नेलं होतं. कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्याला.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. खलिफा वारला, नवा आला. समुद्रावर म्हणे पाण्याने न विझणारी आग फेकतात. मग एका नावाड्याने सांगितलं, तिकडे आभाळातून मिठासारखं पांढरं काही पडतं आणि शंभर दिवस वितळत नाही. गावाने त्याला वेड्यात काढलं. तसियाला हसू आलं नाही. कोलूथकडे घोंगडी एकच होती. जगात काय उलथापालथ व्हायची ती होवो, तिला विचारायचं एकच होतं.

"आहे का गेला?"

"आहे. आगीच्या भीतीने आमची गलबतं खाडीत दडवली होती. एका पहाटे आपल्या पोरांनी छोट्या होड्या सोडल्या आणि सरळ शहराकडे गेली. तिथल्या रोमी राजाचा जयजयकार करत! कोलूथही त्यांच्यात. माझा पाय मोडलेला, मी राहिलो."

"म्हणजे पळाला."

"हळू बोल, बाई!"

पलीकडच्या गावातला एकजण पळाला होता, तर त्याच्या म्हाताऱ्या बापाला दोरी बांधून नेलं होतं. तो बाप अजून परतला नव्हता.

"परत कधी येईल?"

"आता कुठला येतोय? इकडे पाऊल टाकलं तर मान जाईल." पामूनने कमरेची पुरचुंडी सोडली. आत वाळक्या भाकरीचा तुकडा होता. त्यावर अंगठ्याची खूण, मधोमध चिरलेली. विळ्याने कापलेला तसियाचाच अंगठा. ती प्रत्येक खेपेत एका भाकरीवर तो दाबायची. कोलूथ जाताना तसं ठरलं होतं.

"ही नेमकी त्याच्याच वाट्याला आली. नाचला गं! खुणेचा तुकडा ठेवला, बाकीची खाल्ली. निघताना तो माझ्याकडे देऊन म्हणाला, मीठ कमी आहे, तिला सांग."

तसिया हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

"आत्याबाईंना सांगू?"

"तुझ्या सासूला? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्या गावभर होईल."

ते तसियालाही माहीत होतं. तिने तुकडा झग्यात दडवला.

गावप्रमुख पिसराईल आरमारात नेलेल्यांची यादी घेऊन आले तेव्हा सासू, म्हातारी तलिया, उंबऱ्यातच बसली होती.

"कोलूथपुढे काय लिहू, पोरी?"

"बुडाला," तसिया म्हणाली. "पामूनभावजींनी पाहिलं."

तलिया उंबऱ्यातच कोसळली. "माझ्याआधी कसा गेलास रे!" म्हणून कपाळ बडवू लागली. तसियाने तिला मिठीत घेतलं. सासूचा कान तिच्या ओठांपासून चार बोटांवर होता. जिवंत आहे तुमचा लेक, एवढंच म्हणायचं होतं. तिने शालीचं टोक तोंडात कोंबलं. पिसराईलनी पामूनकडे जरा वेळ पाहिलं आणि लिहिलं, बुडाला.

रविवारी चर्चमध्ये मेलेल्यांच्या नावांत कोलूथचं नाव वाचलं गेलं.

सोमवारी पुन्हा पीठ मळायला घेतलं. वेढा उठला होता, तरी आरमाराला भाकरी लागतच होती. तलिया डोळे पुसत उठली आणि तिने परातीत मूठभर मीठ टाकलं.

"कमीच घालतेस तू. कोलूथ नेहमी म्हणायचा."

"हो, आत्याबाई."

तसिया भाकऱ्या थापत गेली. शेवटच्या भाकरीवर सवयीने अंगठा दाबला.

"आता कुणासाठी गं?" सासूने विचारलं.

तसियाने हात पाण्यात बुडवला, ती खूण हळूहळू पुसून भाकरी सपाट केली आणि भट्टीत लावली.