न धुतलेला सदरा

मी सदरा बोलतोय. नाक मुरडू नका, आता मला धुतलंय. पण आयुष्याचा बहुतेक काळ मी पारोसाच होतो, आणि जी काही थोडीफार कीर्ती पदरात पडली ती त्या पारोसेपणामुळेच.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या नॉर्डहोल्म गावचा. साल एकोणीसशे आठ. गावात नॉर्वेहून आलेली माणसं, लोण्याचा एक कारखाना, एकमेकांशी न बोलणारी दोन चर्च आणि नदीकाठचं एक मैदान. गावाची बेसबॉलची टीम उभी राहिली तेव्हा दोन्ही चर्चच्या बायका पहिल्यांदा एका टेबलाशी बसल्या आणि पांढऱ्याशुभ्र फ्लॅनेलमधून आम्हा भावंडांना शिवून काढलं. अस्सल लोकरीचं कापड. ऐन उन्हाळ्यात ते अंगावर चढवणं म्हणजे शिक्षाच, पण तिथल्या माणसांना अंगाला काही टोचत नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. गळ्याशी बुटासारखी नाडी होती. छातीवर निळ्या कापडातून कापलेली गावाच्या नावाची अक्षरं होती. त्या दिवशी मी आरशात पाहिलं असतं तर माझी मलाच दृष्ट लागली असती.

मी वाट्याला आलो हाल्व्हर क्वालेच्या. हा आठवडाभर कारखान्यात दुधाचे कॅन उचलायचा आणि रविवारी टीमसाठी चेंडू फेकायचा. फेकण्यात जितका उदार, तितकाच बोलण्यात कंजूष. त्याच्या तोंडून पूर्ण वाक्य ऐकलं की लोक घरी जाऊन सांगायचे.

आता बेसबॉलवाल्यांचा एक नेम आहे. टीम जिंकत असली की सदरा धुवायचा नाही. धुतला की नशीब पाण्याबरोबर वाहून जातं म्हणे. हरलात की मुकाट्याने बादलीत. हा नेम कोणी घातला ठाऊक नाही, पण तो माणूस नक्की बिनलग्नाचा असणार.

आणि त्या उन्हाळ्यात नॉर्डहोल्मची टीम जिंकतच सुटली. नदीकाठची काळी माती, घाम, तंबाखूची पिंक, कारखान्यातलं लोणी, सगळं माझ्यावर थरावर थर चढत गेलं. उन्हाळा संपता संपता मी कॉफीच्या रंगाचा झालो. शेवटचा सामना शेजारच्या रॉथवेल गावाशी झाला. तोही जिंकला. मग फोटोवाल्याने आम्हाला एका रांगेत उभं केलं. त्या फोटोत सगळी टीम अशी काळपट दिसते, जणू कोणी गोणपाटातून शिवलीय. तो फोटो बँकेच्या भिंतीवर लागला, आणि पुढे माझ्या भावंडांपैकी कोणी चिंध्या झालं, कोणी कसरीच्या पोटात गेलं, तरी तो तिथेच राहिला.

हिवाळ्यात कॅन उचलून उचलून हाल्व्हरचा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. तो पुन्हा कधी मैदानात उतरला नाही. आणि जो खेळलाच नाही तो हरणार कसा? त्यामुळे त्याच्या लेखी आमचं जिंकणं अजून चालूच होतं. लग्न करून इंगा घरात आली तेव्हा तिचं आणि माझं पहिल्या दिवसापासून फाटलं.

"भिंतीला टेकवला तर उभा राहतोय हा," ती म्हणाली. "द्या इकडे, धुऊन टाकते."

"जिंकतोय अजून," हाल्व्हर म्हणाला.

"कोण जिंकतंय?"

"तो."

इंगाने मला चिमट्याने उचललं, डांबराच्या गोळ्यांबरोबर पत्र्याच्या डब्यात कोंबलं आणि डबा माळ्यावर फेकला. त्या डब्यात माझी पुष्कळ वर्षं गेली. खाली मुलगी जन्मली, तिचं नाव आर्डिस ठेवलं, ती मोठी झाली, शाळेत शिवण-स्वयंपाकाची शिक्षिका झाली, हे सगळं मी फक्त ऐकलं. इंगा गेली तेव्हा खाली कोणी रडलेलं मला ऐकू आलं नाही. फक्त हाल्व्हर माळ्यावर येऊन डब्याशेजारी बराच वेळ बसला होता. डबा उघडला नाही. माझं आणि तिचं कधी पटलं नव्हतं, तरी त्या दिवशी मलाही फार वाईट वाटलं.

मग आलं देशाच्या दोनशेव्या वाढदिवसाचं वर्ष, एकोणीसशे शहात्तर. गावोगाव जुन्याचं वेड लागलं. पुरुषांनी आजोबांसारख्या दाढ्या वाढवल्या, बायकांनी आज्यांसारख्या नाडीच्या टोप्या शिवल्या. टीमचा मॅनेजर व्हर्न स्टांगेलँड, ज्याचं गावात खिळे-स्क्रूचं दुकान आहे, त्यालाही जोर चढला. तोवर टीमचे सदरे झाले होते पिवळेधमक, पॉलिएस्टरचे, ओढले तर गुडघ्यापर्यंत येणारे. ते आल्यापासून म्हाताऱ्या हाल्व्हरने मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं. "टीम नाही ती," तो म्हणाला होता, "सरबत आहे."

व्हर्नने ठरवलं, गावच्या पहिल्या टीमसारखे सदरे करायचे. काम आर्डिसकडे आलं. तिने ते घेतलं ते देशासाठी नव्हे, बापासाठी. हाल्व्हर आता चर्चच्या वृद्धाश्रमात होता, चाकाच्या खुर्चीत, आणि डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढचा उन्हाळा धरून चालू नका. बापाने एकदा, शेवटचं, मैदानावर यावं आणि आपली टीम ओळखावी, एवढंच तिला हवं होतं. त्यातही त्याला आधी कळू द्यायचं नव्हतं. त्याचा चेहरा तिला पाहायचा होता.

घर आवरताना तिला माझा डबा सापडला. झाकण उघडलं तशी ती दोन पावलं मागे सरली, पण लगेच तिचे डोळे भरून आले. मला पोटाशी धरलं बिचारीने. नंतर अंगातला ब्लाउज तिने तीनदा धुतला, तो भाग वेगळा.

बँकेतल्या फोटोखाली मला धरून ती आणि व्हर्न उभे राहिले.

"फोटोतही गडद, इथेही गडद," व्हर्न म्हणाला. "आपला मूळ रंग तपकिरी होता तर. मला वाटलंच होतं. जुनी माणसं साधी, मातीतली."

मातीतली म्हणजे अगदीच मातीतली, हे मी किती ओरडून सांगितलं. पण सदऱ्याचं कोण ऐकतं.

खरी गंमत पुढे झाली. आर्डिसने शहरातून कापड मागवलं. गठ्ठा सोडला तर आत पांढरंशुभ्र फ्लॅनेल. हुबेहूब माझं लहानपण. मी खुर्चीच्या पाठीवर टांगलेला, मनात म्हणतोय, बाई, झालं गं, थांब आता, कात्री घे. तर या बाईने अक्रोडाची टरफलं आणि कॉफी मोठाल्या पातेल्यांत उकळायला घातली आणि ते सगळं पांढरं कापड त्यात बुडवलं. वसंतभर तिच्या तळघरातून वाफा निघत होत्या. रंग जरा फिका वाटला की ती मला शेजारी धरून बघायची आणि परत बुडवायची. माझा प्रत्येक डाग तिने आदराने न्याहाळला. इतकं लक्ष मला इंगाने दिलं असतं तर मी पहिल्याच आठवड्यात स्वच्छ झालो असतो.

गावात अजून एकीला खरा रंग आठवत होता. गुन्हिल्ड आस्टाद, हाल्व्हरच्याच वयाची, जिच्या आईने आम्हाला शिवलं होतं. चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी आर्डिसने तिला पहिला तयार सदरा दाखवला. गुन्हिल्डने कप खाली ठेवला. सदरा उलटा केला, सुलटा केला, कॉलर चाचपली. मग म्हणाली, "वेगळं आहे हं."

त्या गावात हे शब्द कानावर आले की समजावं, समोरच्याला भोवळ यायची बाकी आहे. पण एवढी मेहनत केलेल्या बाईला तोंडावर चूक दाखवायची, हे तिथल्या रीतीत बसत नाही. घर पेटलं तरी ते आधी हवापाण्याबद्दल बोलतील. आर्डिसला वाटलं, म्हातारीला रंग आवडला नाही. गुन्हिल्डने आणखी एक लेफ्से, बटाट्याची पातळ पोळी, घेतली, लोणी-साखर लावून गुंडाळली आणि खात बसली.

चार जुलैला, देशाच्या वाढदिवशी सामना, तोही रॉथवेलशी. आर्डिसने बापाला खुर्चीतून मैदानावर आणलं, डोक्यावर टोपी घातली, आपल्या बाकाच्या मागे सावलीत बसवलं. मी तिच्या पिशवीत घडी होऊन पडलो होतो. टीम बाहेर आली. नाडीचे गळे, निळी अक्षरं, सगळं जिथल्या तिथे, आणि रंग तपकिरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्डिस मैदानाकडे पाहतच नव्हती, ती बापाच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

हाल्व्हरने कपाळाला आठ्या घातल्या.

"हे रॉथवेलवाले आपल्या बाकावर काय करतायत?"

"बाबा, आपली टीम आहे ती."

"आपली?" तो पुढे वाकला. "तपकिरी घालायचे ते रॉथवेलवाले. हाकल त्यांना."

आर्डिसचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने पिशवीतून मला काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "हा बघा, तुमचाच आहे. याच्यावरूनच शिवलेत मी."

त्याने मला दोन्ही हातांनी उचललं. आधी नाकाशी नेलं. इतक्या वर्षांनी त्याची बोटं लागली.

"धुतला नाहीस ना?"

"नाही, बाबा."

"बरं केलंस." मग त्याने आपल्या मुलीकडे नीट पाहिलं. "आर्डिस, हा पांढरा आहे. वरचा मळ आहे तो."

"मळ?" कठड्याशी उभा असलेला व्हर्न वळला.

"जिंकत होतो ना. जिंकताना धुतात का कोणी?"

व्हर्नने दाढी खाजवली. "म्हणजे गेले दोन महिने मी गावभर मळाची जाहिरात करत फिरतोय."

आर्डिस बाकावर बसली आणि रुमाल शोधू लागली. "अख्खा वसंत मी मळ उकळत बसले," ती हळूच म्हणाली. "तुम्ही एकदा टीम ओळखावी म्हणून. आणि तेवढंच झालं नाही."

मुलीची समजूत काढायची सवय हाल्व्हरला नव्हती, कशी काढतात तेही ठाऊक नसावं. तो खुर्चीतल्या खुर्चीत हलू लागला. आधी एक बाही, मग चांगला हात, मग तो गेलेला खांदा. त्याने मला अंगात घातलं. आता मी त्याला दोन माणसं मावतील एवढा झालो होतो.

"नाडी बांध," तो म्हणाला. "खेळ सुरू होतोय."

तिने रडत रडतच नाडी बांधली. शेजारच्या गुन्हिल्डने आपली खुर्ची हळूच वारा येत होता त्या बाजूला सरकवली.

आम्ही हरलो. थोडेथोडके नाही, सपाटून हरलो. रॉथवेलच्या पोरांनी आमचे चेंडू फटकावून नदीत टाकले. शेवटी मैदान रिकामं झालं तेव्हा हाल्व्हरने माझ्या छातीवर हात ठेवला.

"हरलो," तो म्हणाला. "चल, धुऊन टाक."

"बाबा, इतका जुना आहे. विरघळून जाईल पाण्यात."

"नेम आहे."

तिने त्याला संध्याकाळी घरी नेलं, व्हर्नने खुर्चीसकट खाली उतरवून दिलं. तळघरात, ज्या पातेल्यात तिने ते सगळं कापड रंगवलं होतं, त्यातच गार पाणी भरलं. मला खरंच भीती वाटत होती. इतकी वर्षं मळच मला धरून होता, तो गेल्यावर आत काही उरलं असेल की नाही कोण जाणे. आर्डिसने मला चोळलं नाही, पिळलं नाही, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतात तसं नुसतं हातावर तोलत राहिली. पाणी काळं झालं, बदललं, पुन्हा काळं झालं. मग मातकट, मग फिकट. आणि पाण्याखाली मी हळूहळू दिसू लागलो. दुधावरच्या सायीच्या रंगाचा झालो होतो, कुठेकुठे झिरझिरीत, पण अक्षरं निळीच्या निळी.

हाल्व्हरने खुर्ची पुढे घेतली. ओल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ही आपली टीम," तो म्हणाला.

आर्डिसला हुंदका फुटला. जे मैदानावर घडायला हवं होतं ते तळघरात घडलं. डोळे पुसून ती म्हणाली, "मी परत शिवते सगळे. या वेळी पांढरे."

"शिवण चांगली आहे तुझी," हाल्व्हर म्हणाला. एवढं कौतुक त्याने इंगाचंही कधी केलं नसेल. मग म्हणाला, "पांढरेच शिव. मळवायचं काम पोरांचं आहे. ते तू करू नकोस."

हाल्व्हर त्याच हिवाळ्यात, पहिल्या बर्फानंतर गेला. मला त्याच्याबरोबर पाठवावं असं आर्डिसच्या मनात आलं होतं, पण व्हर्न आडवा आला. तपकिरी सदरे त्याने रॉथवेलला देऊ केले. त्यांनी पाहिले आणि "वेगळे आहेत" म्हणून परत केले.

पुढच्या वसंतात टीम पांढऱ्यात उतरली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. पहिल्याच डावात आपला एक गडी दुसऱ्या बेसकडे सुसाट धावला, पोटावर घसरत गेला आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखून उठला. शिवण शिकवण्यात जन्म गेलेली, डाग दिसला की जिचा जीव खालीवर होतो ती आर्डिस क्वाले बाकावर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या.

मी आता बँकेत त्या फोटोखाली, काचेमागे असतो. इस्त्री केलेला, स्वच्छ, अंगाला लव्हेंडरचा वास. येणारे-जाणारे म्हणतात, किती छान जपलाय. तुम्ही कधी आलात तर माझं एक काम करा. बाहेर टीम जिंकत असेल, तर कोणाचं लक्ष नाही असं बघून काच उघडा आणि मैदानावरची चिमूटभर माती माझ्या बाहीला लावून जा.