छाट

शहात्तर साल, निपाणी. शेवंता बिडी कारखान्यातून परतली ती रिकामं सूप काखेत मारून, ओठ दाबून. चेकरनं आज मूठमूठ बिड्या छाटीत टाकल्या होत्या, तिच्यादेखत मोडून. नापास मालाला काय भाव? तोंड उघडलं असतं तर उद्या वळायला पानं मिळाली नसती. म्हणून तिनं राग जपून आणला.

घरापर्यंत.

घरात थोरल्या सोनीनं आईसाठी पानं कापून ठेवलेली. काही वाकडी. शेवंतानं ती पोरीच्या अंगावर भिरकावली. चेकरचेच शब्द तिच्या तोंडून निघाले.

नको, इथनं नको. गोष्ट दुसऱ्या दिवसापासून सांगायला हवी.

दुसरा दिवस. शेवंता घागर घेऊन दारात आली, तर सोनी मांडीवर सूप घेऊन बसलेली. समोर धाकटी तानी. तिनं पानांच्या तुकड्यांत माती भरून बिड्या वळल्या होत्या. सोनी एकेक उचलायची, मोडायची.

"डोळं हाईत का कवड्या? छाट."

तानी रडत नव्हती. तिनं ओठ दाबले होते.

शेवंताचा हात उठला. आणि वरच अडकला. राग काढू नको म्हणून सांगायला मारायचं? नवरा देवाप्पा बरा, राग आला की हाटेलात जाऊन चहा पिऊन येतो. तिनं चूल टाकून कुठं जावं?

घागर ठेवून ती खाली बसली.

"सोनी, काल मला चेकरचा राग आलता. तुझा न्हाय. चुकलं माझं."

"मग त्येला का बोलली न्हाईस?"

"पानं मिळाली नसती."

सोनीनं विचार केला. "तानीला पानं मीच देती की."

शेवंताचा राग पुन्हा उसळला. गेल्या घटकेला शहाणपण आलं होतं, ते कुठं गेलं?

"आता बी राग आलाय मला," ती दात आवळून म्हणाली. "जरा गप बसती. मग बोलू."

ती पान वळायला बसली. बिडी सैल झाली. उलगडली, पुन्हा वळली. पुन्हा सैल. पोरी बघत राहिल्या.

सोनीनं सुपातली मातीची बिडी उचलली. मोडायला बोटं वाकवली. आईकडं बघितलं.

"मला बी राग आलाय," ती म्हणाली, आणि जाताना पत्र्याचं दार असं आपटलं की भिंतीवरचा आरसा हलला.

शेवंता तिच्यामागं ओरडणार होती, तेवढ्यात नजर खाली गेली.

सुपात मातीची बिडी होती. अख्खी.