बिनट्यूबचा, पण बसता बसेना

मी टायर बोलतोय, सायकलचा. आधीच सांगून ठेवतो, माझ्या पोटात ट्यूब नाही. हे ऐकलं की लोक चुकचुकतात, जणू माझं ऑपरेशन झालंय. तसं काही नाही. मी जन्मतःच असा. आम्हाला ट्यूबलेस म्हणतात. रिमला दोन्ही काठ घट्ट चिकटवायचे आणि हवा आपली आपण धरायची, एवढंच आमचं काम.

जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गरम साचा, रबराचा वास, अंगावर खडबडीत नक्षी. मग मला तीन घड्या घालून खोक्यात कोंबलं आणि चार महिने गोदामात ठेवलं. तुम्हाला चार महिने घडी घालून ठेवलं असतं तर तुम्हीही सरळ वागला नसता.

मला मागवलं राजनंदिनी बंडगरनं. वय तेवीस, गाव होटगीच्या पलीकडं, घरी शेळ्यामेंढ्या. सोलापुरातल्या एका लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढते. सकाळी सायकलनं वीस किलोमीटर यायचं, संध्याकाळी वीस जायचं. आधी गरज म्हणून चालवली, मग पायाला वेगाची चटक लागली. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या संघासाठी निवडीची शर्यत होती. ऐंशी किलोमीटर, निम्मा रस्ता डांबरी, निम्मा मुरमाड. तिच्या मागच्या चाकात बाभळीचे तीन काटे घुसले. शेवटचे सहा किलोमीटर ती सायकल खांद्यावर घेऊन चालत आली. पोचली तेव्हा मंडपवाले खांब उपटत होते.

म्हणून यंदा मी आणि माझा जुळा भाऊ. तो पुढच्या चाकाला, मी मागच्या. माणूस सगळा भार मागच्यावर टाकतो आणि कौतुक पुढच्याचं करतो. असो.

शर्यतीला सहा दिवस राहिले असताना तिनं आम्हाला भवानी पेठेत कासीमचाचांच्या दुकानात नेलं. चाळीस वर्षं पंक्चर काढणारा माणूस. दारात पाण्याचं घमेलं, आत भिंतभर टांगलेल्या जुन्या ट्यूबा. मला ते दृश्य भयंकर वाटलं. इतक्या जणांची आतडी एका भिंतीवर!

"चाचा, ट्यूबलेस बसवता येतंय न्हवं तुमाला?"

चाचांनी मला उलटंसुलटं केलं. चष्मा कपाळावर घेतला, परत खाली आणला. मग मला नाक लावून वास घेतला. "बेटा, सायकलीतलं कासीमला काय येत न्हाय, ते सांग की!"

हे काही उत्तर नव्हतं. राजनंदिनी "बरं" म्हणाली, आणि सायकल तिथंच ठेवून एसटीनं गेली.

ती गेल्यावर चाचा माझ्याकडं बघून पुटपुटले, "तेरे पेट में तो कुछ बी नै रे. मैं पंचर कायका निकालूं?"

पहिल्या दिवशी त्यांनी रिमच्या आतून टेप लावली. चाकाच्या तारांची भोकं बुजावीत म्हणून ती लावतात. चाचांनी लावली ती जागोजागी सुरकुतली. मग वॉल्व्ह बसवला, मला चढवलं आणि हातपंप मारायला घेतला. दोनशे वेळा मारला. माझे काठ रिमच्या खोलगट भागात लोळत राहिले आणि हवा दोन्ही बाजूंनी बाहेर. चाचा थांबून घाम पुसायचे, मला शिवी द्यायचे, परत पंप मारायचे. शिव्या छान होत्या. हवा मात्र राहिली नाही.

असे तीन दिवस गेले. राजनंदिनी रोज संध्याकाळी डोकवायची. चाचा रोज सांगायचे, "थोडंसंच राहिलंय."

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला निघाले होते. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, डोळ्यात सुरमा. जाता जाता त्यांना वाटलं, आधी ते दूध ओतून बघू. दूध म्हणजे पांढरं पातळ सीलंट. ते माझ्या पोटात खेळतं आणि कुठं भोक पडलं की तिथं जाऊन थिजतं. ते ओततात काठ बसल्यावर. चाचांनी आधी ओतलं आणि जोरात पंप मारला. माझा एक काठ सटकला आणि सगळं दूध कुर्त्यावर.

आतून सायराबानू चाची आल्या. त्या घरबसल्या सोलापुरी चादरींना काठ शिवतात. त्यांनी नवऱ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नमाज कू जाते की रंगपंचमी कू?"

चाचा दुसरा कुर्ता घालून गेले. चाचींनी मला सोडवलं आणि रिमवरून बोट फिरवलं. एका सुरकुतीपाशी बोट थांबलं. सगळी टेप त्यांनी खरवडून काढली, रिम पुसून कोरडी केली आणि नवी टेप ताणून ताणून लावली. एक हात ओढतोय, दुसऱ्या हाताचा अंगठा दाबतोय. चाळीस वर्षांत ज्या बाईनं चादरीला एक चुणी पडू दिली नाही, ती रिमला कशी पडू देईल? परत आल्यावर चाचांनी त्या टेपवरून अंगठा फिरवला, एकही सुरकुती लागली नाही.

संध्याकाळी राजनंदिनी आली तेव्हा ते स्टुलावरून उठले.

"बेटा, मी खोटं बोललो. हे काम मी जिंदगीत केलेलं न्हाय. उद्याचा दिवस हाय अजून. पुण्याला कुणाकडं तरी घेऊन जा."

"मला ठाव हाय की चाचा."

"ठाव हाय? कधीपासनं?"

"तुमी टायरचा वास घेतला तवापासनं."

"मग दिलीस कशाला?"

"तुमी झाल्याबिगर सोडणार न्हाय म्हणून. पुण्याचा माणूस सहा वाजले की शटर वडतोय."

चाचांनी मान खाली घातली आणि उगाच एक पाना पुसत बसले.

शनिवारी सकाळी चाचींच्या स्कूटीवर राजनंदिनी पुढं, चाचा मागं, आणि चाचांच्या मांडीवर चाकांसकट मी आणि भाऊ. होटगी रस्त्याला ट्रकचे टायर बसवणाऱ्या एकाकडं मोठा कॉम्प्रेसर होता. त्यानं मला बघून विचारलं, "हे काय, ट्रकचं बाळ?" मी दुर्लक्ष केलं.

या वेळी चाचांनी सगळं सावकाश केलं. काठांना साबणाचं पाणी लावलं. वॉल्व्हच्या आतली बारकी पिन काढली, म्हणजे हवा धो धो आत यावी. मग कॉम्प्रेसरची नळी लावली.

ठाक! ठाक!

दोन्ही काठ उडी मारून रिमवर बसले. मी आयुष्यात पहिल्यांदा गोल झालो. टायर फुटला समजून चाचा ट्रकच्या चाकामागं लपले होते. राजनंदिनी हसत हसत खाली बसली. "चाचा, या भाईर! बसला, बसला!"

मग वॉल्व्हमधून दूध, पिन परत, चाळीस पौंड हवा. मला हलवलं, फिरवलं, दोन्ही कुशींवर झोपवलं. वॉल्व्हच्या बुडाशी बारीक बुडबुडे येत होते, तिथला नट चाचांनी आवळला आणि बुडबुडे थांबले. भावाला दहा मिनिटांत बसवलं. निघताना चाचांनी तिला एक टोचा आणि चिकट दोऱ्या दिल्या. "काट्याचं भोक दूध बुजवतंय. मोठी चीर पडली तर ही दोरी घुसवायची. शेंडे भाईर ठेवायचे. भ्यायचं न्हाय."

रविवारी ती शर्यतीला उतरली. पन्नासाव्या किलोमीटरला पहिला काटा घुसला. फुस्स झालं आणि लगेच गप्प. तिला कळलंही नाही. ती दुसरी होती. एकसष्टाव्या किलोमीटरला मात्र मुरमातल्या धारदार दगडानं मला चिरलं. दूध कारंज्यासारखं उडालं, तिची पाठ पांढरी झाली. मी बसत चाललो. खरं सांगतो, मला लाज वाटली. एवढ्या लोकांनी एवढं करून मी एका दगडापुढं पाघळलो.

ती उतरली. एक पोरगी पुढं गेली, दुसरी गेली. पहिली दोरी वाकडी गेली आणि बाहेर आली. तोवर तिसरी पोरगीही पुढं गेली. तिनं दुसरी दोरी ओवली, दोन्ही हातांनी टोचा दाबला. दोरी बसली. छोट्या पंपानं हवा भरली आणि ती निघाली. पुढचे एकोणीस किलोमीटर मी निम्म्या हवेवर काढले. रिम खडीवर आपटायची तेव्हा तिच्या तोंडून जे निघायचं, ते चाचांकडूनच शिकलेलं असावं.

ती पाचवी आली. निवडायच्या होत्या सहा.

चाचा गर्दीतून धावत आले आणि तिच्याकडं न बघता माझ्यापुढं उकिडवे बसले. दोरी चाचपली, अंगठ्यानं मला दाबून पाहिलं.

"चाचा, मी बी हाय हितं," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं आणि चष्मा पुसायला कुर्त्याचं टोक घेतलं. कुर्ता शुक्रवारचाच होता. ते टोक दुधानं कडक झालेलं, त्यानं काही पुसलं जाईना. शेवटी चाचींनी पदर दिला.

आठवड्यात दुकानावर पाटी लागली: 'ट्यूबलेस करून मिळेल. आधी येत नव्हते, आता येते.' खाली दुसरी ओळ: 'टेप – सायराबानू.'

मी आणखी दीड वर्ष चाललो. पाठ गुळगुळीत झाली तेव्हा चाचांनी मला उतरवलं. आतल्या वाळलेल्या दुधात एकोणीस काटे रुतून बसले होते. ते त्यांनी चिमट्यानं एकेक करून काढले. मग राजनंदिनीच्या वडिलांनी, गुंडाभाऊंनी, मला गावी नेलं आणि शेळ्यांच्या गोठ्यावरचा पत्रा उडू नये म्हणून वर टाकलं.

काम हलकं आहे, पडून राहायचं. ऊन लागतं. कावळे येतात आणि मान ठेवत नाहीत. परवा दावणीचं दोन आठवड्यांचं करडू वैरणीच्या गंजीवरून पत्र्यावर चढलं आणि सरळ माझ्या मधोमध येऊन बसलं. आधी मला चावून पाहिलं. मग निवांत मुतलं. आयुष्यभर गळती थांबवली, पण ही काही मला थांबवता आली नाही. तेव्हापासून ते रोज माझ्यातच येऊन झोपतं.

तुम्ही शिडी चढून वर आलात, ऐकलंत, बरं वाटलं. एक विनंती आहे. उतरताना शिडी हळू सरकवा. ते नुकतंच झोपलंय.