केळ्यावर पेटलेला दिवा

आसुआ गावातल्या पत्र्याच्या सभागृहात त्या दुपारी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पुढे जांभळ्या मखमलीनं झाकलेलं टेबल आणि टेबलामागे पांढऱ्या झग्यातला, प्रार्थनेनं रोग बरे करतो म्हणणारा बंधू एवारिस्तो. लोक घामानं निथळत होते. बंधू मात्र कोरडा, कारण एकुलता एक पंखा त्याच्याच तोंडावर रोखलेला होता.

त्यानं मखमलीनं मढवलेलं एक कडं उचललं. कड्याला चिमुकला दिवा. ना वायर, ना बॅटरी.

"ज्याच्या रक्तातला रोग देवानं धुतला त्याचा दिवा पेटेल," तो म्हणाला. "ज्याच्या मनात शंका, त्याचा पेटणार नाही. त्यानं पवित्र जलाची बाटली घ्यावी आणि पुढच्या रविवारी यावं."

मधुमेहानं बेजार झालेली फ्रेदेस्विंदा पुढे झाली. तळहातावर कडं ठेवून तिनं हात टेबलावर धरला. दिवा पेटला. म्हातारी ढसढसा रडली आणि घरी येऊन इन्सुलिनच्या कुप्या कचऱ्यात टाकून मोकळी झाली.

तिच्या धाकट्या बहिणीचं, नेरेइदाचं, रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारींवर नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. दोन आठवड्यांनी तिला ताईच्या पायाची जखम काळी पडलेली दिसली.

"ताई, दवाखान्यात चल."

"माझा दिवा पेटलाय. तुझ्या डॉक्टरानं कधी कुणाचा पेटवलाय?"

रविवारी नेरेइदा स्वतः सभेला गेली. मध्येच वीज गेली, तसं बंधूनं रोग्यांना बसवून नम्रतेवर लांबलचक प्रवचन सुरू केलं. जनरेटर धडधडला आणि देवाची कृपाही परत आली. त्याच वेळी टेबलाखालून बारीक गुणगुण सुरू झाली. बावीस वर्षं नेरेइदा तीच गुणगुण ऐकत आली होती. ट्रान्सफॉर्मर तसाच गुणगुणतो.

दुकानात जाऊन तिनं वार्निश लावलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे तीनशे फेरे गुंडाळून तसंच कडं बनवलं आणि तारेची दोन्ही टोकं टॉर्चच्या दिव्याला जोडली. पुढच्या सभेला ताईला खुर्चीत बसवून आणलं आणि पिशवीतून एक कच्चं केळं काढलं. टेबलावर केळं ठेवून त्यावर आपलं कडं ठेवलं. दिवा लखलखला.

सभागृहात खसखस पिकली. बंधू म्हणाला, "या केळ्यात सैतान शिरलाय."

"मग सैतानाचाही रोग बरा झाला म्हणायचा," नेरेइदा म्हणाली. तिनं कडं उचलून उभं धरलं, दिवा विझला. आडवं केलं, पेटला. "बंधू, देवाला उभं कडं दिसत नाही का?"

उत्तराची वाट न बघता तिनं मखमल ओढली. टेबलाच्या फळीखाली लोखंडाच्या गाभ्यावर गुंडाळलेली जाडजूड कॉइल होती. तिची वायर सतरंजीखालून भिंतीतल्या सॉकेटकडे गेलेली. बंधूच्या बुटाखाली बटण, केळं बघून गडबडल्यामुळे दाबायचं राहून गेलेलं.

"शंकेखोराचा दिवा या बटणानं विझायचा," ती म्हणाली. "नीट ऐका. आपल्या देशात घरातली वीज एका दिशेनं वाहत नाही, सेकंदाला साठ वेळा पुढे जाऊन मागे येते. त्यामुळे कॉइलभोवतीचं चुंबकत्वही सारखं बदलत राहतं. बदलतं चुंबकत्व शेजारच्या कड्याच्या फेऱ्यांमधून गेलं की त्यात वीज उठते, तारेला तार न लागता. उभ्या कड्यातून ते आरपार जात नाही, म्हणून दिवा विझतो. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर हेच करतो. दुसऱ्या गुंडाळीचे फेरे कमी केले की विजेचा दाब कमी. ट्रान्सफॉर्मर मात्र कुणाला प्रवचन देत नाही."

कडं पुन्हा टेबलावर ठेवून तिनं कॉइलची वायर सॉकेटमधून काढून सोबत आणलेल्या ट्रकच्या बॅटरीला जोडली. जोडताना दिवा क्षणभर चमकला आणि विझून गेला. "बॅटरीची वीज एकाच दिशेनं वाहते. चुंबकत्व आहे, पण बदलत नाही. आता करा प्रार्थना."

बंधूनं डोळे मिटून प्रार्थना केली. दिवा ढिम्म. डोळे उघडले तेव्हा लोक पवित्र जलाच्या बाटल्या घेऊन त्याच्याभोवती उभे होते.

नेरेइदा ताईला घेऊन थेट दवाखान्यात गेली. दारात फ्रेदेस्विंदा म्हणाली, "मला वाटलं होतं, खरंच बरी झाले."

"तसं वाटावं म्हणूनच तर त्यानं दिवा लावला, ताई."

डॉक्टरांनी पायाचं एक बोट काढलं. पाय वाचला. इन्सुलिन पुन्हा सुरू झालं.

बंधू एवारिस्तो कुठल्या तरी दुसऱ्या गावी गेला. तिथंही टेबल असेल, तिथंही दिवा पेटेल. तेव्हा गुडघे टेकण्याआधी जरा कापड उचलून बघा. आणि दिवा कशावरही पेटो, डॉक्टरनं दिलेलं औषध कचऱ्यात टाकू नका.