ओला हुडवा

"अगं, एका गाईच्या शेणात एवढा हुडवा उभा ऱ्हातो व्हय? गाय हाय का गाईंचा तांडा?"

थोरली जाऊ सैकाल कुंपणापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. बुरुलनं मान वर केली नाही. बादलीतलं ओलं शेण गोवऱ्यांच्या हुडव्याच्या अंगाला थापत राहिली. बोटं गारठून लाल झाली होती. समोरच्या डोंगरावरचं बर्फ कालच्यापेक्षा खाली उतरलं होतं. बटाटे तळघरात गेले होते, खिडक्यांच्या फटींवर खळ लावून कागद डकवले होते, धुराडं झाडून झालं होतं. राहिलं होतं ते एवढंच.

दर वसंतात मेंढवाड्यातला शेणाचा घट्ट थर विटांसारखा कापायचा, उन्हाळाभर वाळवायचा आणि पानगळ लागली की रचून वरून लिंपायचा, ही तिची जन्माची रीत. पण नवरा गेल्याच्या वर्षाच्या जेवणाला निम्मी मेंढरं कापली, उरलेली विकली. वाडाच रिकामा, मग थर कुठून येणार?

मुलानं, एर्मेकनं, बजावलं होतं, "सरपण नसेल तर या हिवाळ्यात तू शहरात येशील, अपा. गाय विकू, घराला कुलूप लावू."

ती एकदा जाऊन आली होती. चौथा मजला. भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळीनं घर उबदार राहायचं, तक्रार नव्हती. पण दर शुक्रवारी ती गेलेल्या माणसाच्या नावानं तेलात पिठाचे गोळे तळायची. वास त्याच्यापर्यंत जातो म्हणतात. इथं कबर समोरच्या टेकाडावर. चौथ्या मजल्यावरचा वास तिथवर कसा जावा?

म्हणून तिनं हा हुडवा रचला होता. सकाळी पहिली गोवरी ठेवताना बिस्मिल्ला म्हणायला गेली, तर जीभ अडखळली.

"लिंपण तरी जाड घाल," सैकालनं जवळ येऊन हुडव्यावर थाप मारली. लिंपण फुटलं आणि हात थेट खांद्यापर्यंत आत गेला.

सैकालनं आत चाचपलं. सफरचंदाची रिकामी खोकी हाताला लागली.

"बुरुल! आगं, आत काय जाळणार हाईस, वारा?"

"आक्का, हळू बोल. पाया पडते."

"पोराला फसवतीस?"

"मग काय करू? शहरात जाऊ? तूच सांग, जाऊ?"

सैकाल काही बोलणार, तेवढ्यात फाटकाशी ट्रकचा भोंगा वाजला. बुरुल चटकन भोकाला पाठ लावून उभी राहिली.

एर्मेकनं उतरून आईला मिठी मारली आणि हुडव्याकडं पाहून शीळ घातली. "अपा! आणि मी रस्ताभर काळजी करत आलो!"

"झालं आपलं, हळूहळू," बुरुल म्हणाली. पाठीला ओलं गार लागत होतं.

"खरं सांगू? मला ठाऊक होतं, तू काही यायची नाहीस. म्हणून सहा पोती कोळसा आणला होता." तो हसला. "आता कशाला? सासऱ्यांच्या गावाला टाकतो, ते बिचारे काड्या जाळतात."

बुरुलनं पाय हलवावा तर भोक दिसणार, तोंड उघडावं तर सगळंच उघडं पडणार.

सैकालनं घसा खाकरला. कुणाच्या दारी ती चिमूटभर मीठ मागायला गेली नव्हती. तिच्या हुडव्यासारखा हुडवा गावात नाही, हे ती लग्नामयतीत चारचौघींना ऐकवायची.

"एर्मेक, कोळसा मला दे."

"थोरल्या अपा, तुम्हाला? तुमचा हुडवा तर रस्त्यावरून दिसतो!"

"वल्लाय त्यो. घाईनं रचला मी. आतनं बुरशी आलीय, नुसता धूर करतुया."

पलीकडच्या अंगणात घोंगडी झटकणाऱ्या दोघी थांबल्या. एकमेकींकडं पाहून गालात हसल्या. सैकालनं ते पाहिलं. तिनं डोक्याचा रुमाल जरा पुढं ओढला आणि आवाज चढवला, "आता वय झालं बाबा. हात चालत न्हाईत पयल्यासारखं."

एर्मेकनं पोती तिच्या अंगणात उतरवली, चहा घेतला आणि घाट बंद व्हायच्या आत निघून गेला.

दिवस कलला तशी सैकाल हातगाडी ढकलत आली. एकावर एक दोन पोती.

"बाकीची उद्या. माझ्या कमरेत जीव न्हाई."

"आक्का, आता गावभर तुझं नाव..."

"गप. शुक्रवारी तळशील तेव्हा माझ्या म्हाताऱ्याच्या नावानंबी दोन टाक. माझा हुडवा वल्ला हाय म्हणं." ती खाली वाकली. बादलीच्या तळाचं शेण खरवडून त्याचा गोळा केला आणि आपल्याच हातानं पडलेलं भोक लिंपून टाकलं. "आणि हितं पाठ टेकू नगंस. समदा अंगावर यील."

बुरुलनं पोत्याचं तोंड सोडलं. बिस्मिल्ला म्हणाली. जीभ अडखळली नाही. हिमकण पडू लागले होते.