मागे वळायचं नाही

थोरलीच्या खांद्यावर पोपट बसला, तेव्हा धाकटी नुसता चष्मा पुसत होती. तो पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत पोपटवाला फोटो काढून मोकळा झाला होता आणि थोरली त्याला विचारत होती, "ह्याला उन्हाचा त्रास होत नाही का रे?"

"फोटोचे पैसे, ताई."

"फोटो काढ म्हणून सांगितलं कुणी तुला?" धाकटी कडाडली.

"ताई हसल्या ना पोपटाकडे बघून."

हसण्याचेही पैसे पडतात अशा गावाला आपण मरायला कशाला आलो, हेच धाकटीला कळेना. तिने पैसे टाकले, थोरलीचं मनगट धरलं आणि तिला वाळूतून ओढत हॉटेलाकडे चालू लागली. मागून पोपट मात्र मनापासून ओरडत होता, "ताई, ताई!"

आल्या दिवसापासून हेच चाललं होतं. बसमधून उतरताच टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, तुमचं हॉटेल तर बंद पडलं." थोरलीचा चेहरा एवढासा झाला. "अरेरे, काय झालं रे त्यांना?" म्हणून ती हॉटेलवाल्यांसाठी हळहळत बसली. हॉटेल चांगलं उघडं होतं. टॅक्सीवाल्याला मात्र आपल्या ओळखीच्या दुसऱ्या हॉटेलात न्यायचं होतं. मग शिंपल्यांच्या माळा आल्या, मग पाय चेपून देणारी आली. जो येई तो ताई म्हणे आणि ताई म्हटलं की थोरली ओ देई. ओ दिली की विचारपूस आली, विचारपूस झाली की पाकीट उघडलंच.

धाकटीने सगळी नोकरी कारखान्याच्या फाटकावर काढली होती. सुटणाऱ्या पाळीच्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या, हेच तिचं काम. कुणाच्या डब्यात काय दडलंय ते तिला चालीवरून कळायचं. आणि तिचीच सख्खी बहीण अशी, की पिशवी उघडी टाकून जगभर फिरायची.

खरं तर ही सहल ठरली तीच कशीबशी. गेल्या वर्षी फोनवर कुणीतरी थोरलीला "आई" म्हटलं आणि तिने बँकेचे सगळे आकडे त्याला वाचून दाखवले. तेव्हापासून मुलाने तिचं कार्ड काढून घेतलं, फोनला कुलूप लावलं आणि तिला आठव्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलं. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, भिंतीवरचे पाइप दिसतात. तिथे बसून ती म्हणायची, "एकदा समुद्र बघायचाय गं, मरायच्या आधी." धाकटीने भाच्याशी भांडून, त्याला गोंजारून परवानगी काढली. निघताना तो म्हणाला, "मावशी, तुझ्या भरवशावर सोडतोय. या वेळी आई कुठे फसली, तर यापुढे तिला घराबाहेर सोडायचंच नाही, हे नक्की."

म्हणून तर पोपटाच्या संध्याकाळी धाकटीने खोलीत शाळाच भरवली. थोरली पलंगावर, धाकटी खुर्चीत.

"मागून 'ताई' अशी हाक आली. काय करायचं?"

"बघायचं कोण आहे ते."

"बघायचं नाही! वळलीस की संपलीस. 'ताई' कानावर आलं की मान ताठ, नजर समोर आणि पाय उचलायचे."

"अगं पण हाक मारणाऱ्याला ओ द्यायची नाही म्हणजे..."

"तुला परत त्या भिंतीकडे बघत बसायचंय का?"

 थोरली लहान मुलीसारखी म्हणाली, "वळायचं नाही."

"पुन्हा म्हण."

"ताई म्हटलं की वळायचं नाही."

सकाळी ती फिरायला निघाली ती मान आवळलेल्या बाहुलीसारखी. माळावाली हाका मारून दमली, टोपीवाला दमला, थोरली हूं की चूं करेना. धाकटीला आधी बरं वाटलं. मग दिसलं, की बाई समुद्राकडेही बघत नाहीये. लाटा येत होत्या, फुटत होत्या, पाय धरायला धावत होत्या आणि ही आपली समोरच्या खांबावर डोळे लावून चालली होती.

"बघ की जरा पाण्याकडे," धाकटी चिडून म्हणाली.

"बघू? त्याचे पैसे नाही ना पडत?"

न्याहारीलाही तेच. थोरलीने पाव कुस्करला आणि खाल्ला नाही. धाकटी म्हणाली, "हे बघ ताई, तुझ्याच भल्यासाठी मी जिवाचं रान करतेय." थोरली उठली. "मी पुढे होते," एवढंच बोलून ती वाळूकडे निघून गेली. राग आला की ती दारही हळू लोटायची, त्यामुळे तो किती आलाय ते कधी कळायचं नाही.

धाकटीने चहा संपवेपर्यंत जायचं नाही असं ठरवलं. शेजारच्या टेबलावर एक नवराबायको एकमेकांवर खेकसत होती.

"फलकावर भाव लिहिलाय म्हणून बसलो ना आपण!"

"जाण्याचा लिहिलाय. येण्याचा कुठे लिहिलाय?"

धाकटीचे कान टवकारले. त्या बाईने मग तिलाच सांगितलं. निळी होडी आहे, वर पांढरी छत्री. पाण्यातल्या वाळूच्या बेटावर अगदी स्वस्तात नेतो. भरती चढू लागली, बेट आकसायला लागलं, की परतीचे मागतो ते तोंडाला येतील तेवढे. "आणि माणूस इतका साधा! ताई नाही, माई नाही. शब्दही बोलत नाही. म्हणूनच तर फसलो."

 कप तसाच ठेवून धाकटी पायऱ्यांकडे धावली.

दूर, पाण्याच्या कडेला, निळी होडी होती. वर पांढरी छत्री. आणि तिच्या दिशेने थोरली चालली होती, मान ताठ, नजर समोर.

"ताई!" धाकटी ओरडली.

थोरली वळली नाही.

"ताई! अगं ताई, थांब!"

वाळूत पाय रुतत होते, चष्मा नाकावरून घसरत होता, दम छातीत मावत नव्हता. धाकटी ओरडत होती "ताई", तशी टोपीवाल्यालाही चेव आला, तोही ओरडला "ताई!" माळावाली ओरडली, शहाळेवाला ओरडला. पोपटवाल्याचा पोपट तर वाटच बघत होता. सगळा किनारा ताईताईने दुमदुमला आणि त्या गलक्यात एकही बाई मागे वळली नाही. साऱ्याजणी घरून हेच शिकून आल्या होत्या.

थोरलीने चपला काढून होडीत ठेवल्या. एका हाताने पदर सावरला, दुसऱ्याने काठ धरला.

शिकवलं तेवढंच तिने केलं होतं. धाकटीला स्वतःचीच जीभ हासडून टाकावीशी वाटली. आणि त्या जिभेवर, कुठून कोण जाणे, एक जुनं नाव आलं.

"शिडेऽऽ! ए शिडे!"

थोरलीचा पाय हवेतच थांबला.

लहानपणी थोरली ताडमाड उंच आणि काडीसारखी होती. खाऊचा डबा वरच्या फळीवर असे. धाकटी तिच्या खांद्यावर उभी राहून डब्याशी झटापट करायची आणि वरून गायची:

शिडे गं शिडे, हलू नको बाई,
डब्याचं झाकण उघडत नाही.

आता थोरली घागरीसारखी गोल झाली होती. तिला पाहून जगातल्या कुठल्याच ठगाला शिडी सुचली नसती.

ती वळली. "काय गं?" म्हणाली, जणू स्वयंपाकघरातून विचारत होती.

धाकटी धापा टाकत पोचली. "उतर. येण्याचा भाव विचारलास ह्याला?"

होडीवाला पहिल्यांदा बोलला, "ते तिकडे बघू."

"तिकडे नाही, इकडे सांग. चारचौघांत सांग."

त्याने खांदे उडवले, होडीत बसलेल्या इतरांकडे बघून हसला आणि वल्हं रेटलं. "विचारा त्याला परतीचं!" धाकटी इतरांवर ओरडली. त्यांनी माना ताठ केल्या, नजरा समोर. होडी निघाली. थोरलीच्या चपलाही निघाल्या.

"माझ्या चपला!"

"जाऊ देत. फसता फसता वाचलीस."

"त्याने मला एकदाही ताई म्हटलं नाही," थोरली पाण्याकडे बघत म्हणाली. "म्हटलं, हा चांगला असेल." मग ती धाकटीकडे वळली. "आल्यापासून तूही ताई-ताई करतेस आणि हात धरून ओढतेस. मला वाटायला लागलं, तूही मला काहीतरी विकतेयस."

 धाकटीची चिडचिड तर अजून अंगभर होती, पण आता ती कुणावर काढायची?

वाळू तापली होती. थोरली एका पायावरून दुसऱ्यावर नाचू लागली.

"ताई, चप्पल?" मागून एका बाईची हाक आली. थोरलीने वळायच्या आधी धाकटीकडे पाहिलं. धाकटी स्वतःच वळली.

आणि मग तिने घासाघीस केली, ती फाटकावरच्या सगळ्या वर्षांची. तळ वाकवून पाहिला, पट्टे ओढून पाहिले, दोनदा पाठ फिरवून निघाली, दोनदा परत आली. चपलावाली रडकुंडीला आल्यासारखी दिसली तेव्हा कुठे तिने जोड घेतला, अर्ध्या भावात. "याला म्हणतात खरेदी," ती म्हणाली.

हॉटेलाच्या पायऱ्यांशी थोरली अडखळली. खाली पाहिलं. मग पदर तोंडाला लावून ती हसायला लागली, ती थांबेचना.

"काय झालं?"

"दोन्ही डाव्याच आहेत गं!"

धाकटीने मागे पाहिलं. चपलावालीचा पत्ता नव्हता. तिच्या तोंडून अशी शिवी गेली, की दारावरचा रखवालदार सावरून उभा राहिला. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. भाचा होता.

"मावशी, खरं सांग. आई कुठे फसली का?"

थोरलीचं हसू एकदम थांबलं. डोळ्यांत ती भिंत आली, ते पाइप आले. वाकड्या पावलांनी कशीबशी उभी राहत तिने धाकटीच्या खांद्यावर सगळा भार टाकला. धाकटीचा खांदा कलला. तिने दात आवळले, पाय रोवले आणि ती हलली नाही.

"ती? नाही रे बाबा," ती फोनमध्ये खेकसली. "ती नाही फसली."